चालकाची तक्रार

"जावईबापू, गाडी जायची न्हाई!"

आवाज गाडीखालून आला. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही, हातात पेन. गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते आणि त्यातल्या उजव्या गुडघ्याला लोकरी पट्टा बांधलेला होता. हे पाय माझ्या सासऱ्यांचे, आकाराम चौगुले मिस्त्रींचे.

"आता काय राहिलं, मामा?"

"लिवा. अठ्ठेचाळीस नंबर. मागल्या पाट्याचं बुश."

"ते गेल्या रविवारी बदललं की."

"त्यो उजवा पाटा. ह्यो डावा."

"पण गेल्या रविवारी तुम्ही डावाही तपासला होता."

"तपासला व्हता. तवा चांगला व्हता."

"मग जागेवर उभ्या असलेल्या गाडीचं बुश आठ दिवसांत कसं जाईल?"

 गाडीखालून पान्याचा एक ठोका ऐकू आला.

"जातंय," मामा म्हणाले.

मी निमूटपणे अठ्ठेचाळीस नंबर लिहिला.

या गोष्टीला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापुरात एका हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवत होतो. चार स्ट्रोकच्या इंजिनाची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढायचो, पण स्वतःची गाडी घेतल्यावर पहिले चार दिवस मला तिचं इंजिनच सापडलं नव्हतं. ते पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, एका पत्र्याच्या पेटाऱ्याखाली होतं. मी त्या पेटाऱ्यावर बसून ते शोधत होतो.

गाडी म्हणजे सरकारी लिलावात घेतलेली एक म्हातारी व्हॅन. एका मासिकात परदेशातल्या कॅम्पर व्हॅनचे फोटो बघितले, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि माझं डोकं फिरलं. अशीच गाडी करायची आणि शालनला घेऊन थेट कन्याकुमारी गाठायची असं मी ठरवून टाकलं. आमची व्हॅन पूर्वी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला हिंडायची. कितीही रंग मारला तरी तिच्या अंगावरचं 'छोटे कुटुंब, सुखी कुटुंब' आतून वर यायचंच. लग्नाला चार वर्षं होऊन आम्ही अजून दोघंच होतो, त्यामुळे शेजारचे काका रोज गाडीपाशी थांबून म्हणायचे, "सर, तुम्ही सरकारचं फारच मनावर घेतलं बुवा."

ते मी सहन केलं असतं. पण एप्रिलमध्ये माझ्याकडून एक घोडचूक झाली. मे महिन्याच्या सुट्टीत निघणार असं मी शिक्षकखोलीत जाहीर करून बसलो. आमच्या मुख्याध्यापकांना सत्काराची भारी हौस. त्यांनी लगेच शाल, श्रीफळ आणि 'आपल्या शाळेचा भूमिपुत्र भारताच्या टोकाला' असं भाषण असा बार उडवून दिला. मी शाल घेतली, नारळ घेतला, आणि गाडी काही निघाली नाही. सबंध मे महिना मी घरात दडून काढला. भाजी आणायलासुद्धा शालन जायची. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी चौकशी केली, "मग? कसं आहे टोक?"

आता दिवाळीची सुट्टी आली होती. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, नाहीतर मला बदली मागून गडचिरोलीला जावं लागलं असतं. सगळं अडलं होतं ते एका सहीवर.

मामा एस.टी.च्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं काम करून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. शालन एकुलती एक, त्यामुळे कागलच्या घरात ते एकटेच. लिलावातली गाडी बघून त्यांनी "हिची बॉडी चांगली हाय" एवढंच सांगितलं आणि पुढच्या रविवारपासून सकाळी आठच्या बसनं यायला लागले. मजुरी सोडाच, ते आमच्या घरात जेवतसुद्धा नसत. कापडात भाकरी बांधून आणायचे आणि गाडीच्या सावलीत बसून खायचे. शालन चिडायची. ते म्हणायचे, "पावना म्हणून ईन तवा वाढ. आत्ता कामावर हाय." ती मग त्यांची नजर चुकवून त्यांच्या कापडात मटणाची वाटी सरकवायची. ते वाटी रिकामी करून, धुऊन परत द्यायचे आणि वर म्हणायचे, "ही कुणाची, बघ गं."

कामाची पद्धत अगदी डेपोची. वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने: चालकाची तक्रार, केलेले काम, मेकॅनिकची सही. पहिला रकाना कायम कोरा. "तुमाला काय कळतंय तक्रार कराया," मामा म्हणायचे. सगळी कामं संपली की शेवटी 'गाडी मार्गावर पाठविण्यास योग्य' असा शेरा आणि त्याखाली सही. सही नसेल तर गाडी गेटाबाहेर नाही. माझी नियत त्यांना ठाऊक असावी, कारण संध्याकाळी जाताना ते बॅटरीची वायर सोडवून भाकरीच्या कापडात बांधून कागलला घेऊन जायचे.

डेपोतले किस्से मात्र रंगवून सांगायचे.

"आमच्यात कायदा व्हता, जावईबापू. तोंडी तक्रार ऐकायची न्हाई, लेखी तक्रार टाळायची न्हाई. डायवरनं लिवून दिलं, की मिस्त्रीला न्हाई म्हणता येत न्हाई. एक डायवर व्हता, त्यानं लिवलं, 'गाडीचं मन लागत नाही.'"

"मग?"

"मग काय? लिवलंय म्हटल्यावर बसलो गाडीत. गगनबावड्यापातूर गेलो, परत आलो."

"मन लागलं का?"

"गाडीचं लागलं. डायवरचं लगीन ठरत न्हवतं, त्येला आमी काय करणार?"

एरवी ते फार बोलत नसत. एकदा मात्र पाना पुसता पुसता म्हणाले, "छत्तीस वर्सं गाड्या लांब लांब पाठवल्या. आमी आपल्या पाट्या तेवढ्या वाचल्या." मी वहीत ऑइल फिल्टरचा नंबर लिहीत होतो. मी नुसतंच "हं" म्हटलं.

ऑगस्टपर्यंत ब्रेक, क्लच, नोझल, वायरिंग, सगळं उरकलं होतं. पण त्यानंतर मामांनी भलतीच कामं काढली. दाराला पहिली पायरी होती, तिच्याखाली त्यांनी आणखी एक बुटकी पायरी वेल्डिंग करून घेतली. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "बॉडीला आधार." दाराच्या कडेला उभा दांडा बसवला. कशाला? "दार खिळखिळं हुतंय." ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीखाली त्यांनी बाहेरच्या बाजूनं पत्र्याची एक छोटी पन्हाळ ठोकली. पावसाचं पाणी निथळायला. आम्ही निघणार होतो नोव्हेंबरात. त्याच खिडकीच्या वर एक हूक लावला आणि तो वायरिंगचा म्हणून सांगितला, पण तिथून एकही वायर जात नव्हती. आतल्या दोन पलंगांशिवाय एक तिसरी फळी बसवली, ती पाचच फुटांची, आणि ती 'तोलासाठी'. तिच्याखालच्या पेटीला कुलूप घातलं. "स्पेअर पार्ट हायत," म्हणाले, आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. रंगाचा शेवटचा हात मारताना बाजूच्या घोषणेतला 'छोटे' हा शब्द त्यांनी तारेच्या ब्रशनं पत्र्यापर्यंत घासून काढला. तिथं गंज होता म्हणे.

मी विज्ञानाचा शिक्षक. निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष हे मी दर जूनला पहिल्याच तासाला शिकवायचो. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार आला. बुश बदलून झालं होतं. मी वही पुढे केली, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

मामांनी गाडी चालू केली. कान देऊन उभे राहिले. मान हलवली.

"आवाज येतोय."

"कसला?"

"येतोय."

मी कान दिला. शालनला बाहेर बोलावलं, तिनं कान दिला. शेजारचे काका कुंपणावरून वाकून ऐकायला लागले.

"मला तर इंजिनाचा येतोय," काका म्हणाले.

"इंजिनाच्या आत येतोय," मामा म्हणाले. "धा-पंधरा दिवस ऱ्हाऊ द्या. बघतो."

पंधरा दिवसांनी शाळा उघडणार होती. माझ्या डोळ्यांसमोर मुख्याध्यापक आणि ती शाल आली आणि माझा तोल गेला.

"मामा, स्पष्ट सांगा ना. आम्ही जायलाच नको आहे तुम्हाला. तुमच्या मुलीला घेऊन कुठं जायची माझी लायकी नाही, असंच ना? आठ महिने झाले, नुसता खेळ चाललाय तुमचा!"

मामांनी गाडी बंद केली. बॅटरीची वायर सोडवली, कापडात बांधली, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. जावयाला उलटून बोलायची त्यांची रीत नव्हती. गेटापाशी वळून एवढंच म्हणाले, "शालन, येतो गं." आणि लंगडत बसथांब्याकडे गेले. शालन आत गेली. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, पण वाढताना भांडी फार वाजत होती.

मला वाटलं, मी बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरातून बाबालाल मुजावर नावाच्या मिस्त्रीला घरी बोलावून आणलं. नवी वायर बरोबरच आणायला सांगितली.

बाबालालनं वायर जोडली, गाडी चालू केली. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. डॉक्टरसारखा जागा बदलत गेला. गाडीखाली जाऊन आला. हात पुसले.

"सर, ह्या गाडीला काय झालंय म्हणून मला बोलावलंय?"

"आवाज येतोय म्हणतात."

"कोण म्हणतंय? ही गाडी तीन महिन्यांमागंच जायाला पायजे व्हती. असलं काम आता कोण करत न्हाई. डेपोतला माणूस हाय काय?"

"सासरे आहेत माझे."

"मग बरोबर." तो आत चढायला गेला आणि पायरीवरच थांबला. खालच्या बुटक्या पायरीवर पाय ठेवून बघितला, दांडा धरून बघितला. "सर, एक इचारू? तुमचा गुडघा दुखतोय?"

"नाही."

"वैनींचा?"

"नाही बुवा."

"मग ही पायरी कुणाची? ही उजवा गुडघा गेलेल्या माणसाची हाय. दांडा धरायचा, डावा पाय आदी टाकायचा. माझ्या अब्बांना अशीच करून दिली व्हती मी." तो आत गेला. खिडकीपाशी बसला, बाहेर वाकून पन्हाळ बघितली आणि मोठ्यानं हसला. "तंबाखू खातोय गडी! पिचकारी रंगावर येऊ नये म्हणून पन्हाळ ठोकलीया. आनी ह्यो हूक टोपीचा. डोस्कं टेकून झोपायचं, मग टोपी कुठं ठेवायची?" फळीवर हात फिरवला. "तुमी किती उंच, सर?"

"पाच फूट दहा."

"ही फळी पाच फुटाची हाय." त्यानं खालच्या पेटीवर बोटानं टकटक केली, कान लावला. "आनी ह्यात काय हाय म्हणालं?"

"स्पेअर पार्ट."

"ह्यात लोखंड न्हाई, सर. ह्यात कापडं हायत." तो खाली उतरला. "तुमच्याबरोबर एक म्हातारा मानूस येणार हाय. तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

मी पायरीवरच बसलो. त्याच बुटक्या पायरीवर.  मी त्या माणसाला तीन महिने 'कशाला, कशाला' म्हणून विचारत होतो, आणि जे विचारायला हवं होतं तेवढं एक विचारलं नव्हतं.

शालन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"ती बुटकी पायरी बसवली तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलून ते आले असते व्हय? जावयाची गाडी आहे, जावयानं म्हणायला पाहिजे. आणि तुमच्या मनात नसताना मी तुम्हाला म्हणायला लावलं असतं, तर ते त्यांना चाललं असतं, पण मला चाललं नसतं." तिनं पदरानं डोळे टिपले. "आईला म्हणाले होते, रिटायर झालो की समुद्र दाखवतो. ती गेली. मग आता आपण एकटं कशाला जायचं, असं म्हणत होते. तुम्ही गाडी आणली तेव्हा कुठं पहिल्यांदा घराबाहेर पडले."

मी निळी वही पिशवीत टाकली आणि स्कूटर कागलच्या रस्त्याला लावली.

मामा ओट्यावर पाने-पकडी मांडून तेल लावत बसले होते. मला बघताच उठले, घोंगडं झटकून अंथरलं, चहा टाकला. कालचं काही घडलंच नाही असं वागले, त्यानं मला आणखी मेल्यासारखं झालं. चहाचा घोट घ्यायच्या आतच मी म्हणालो,

"मामा, काल मी वाट्टेल ते बोललो. चुकलो. तुम्ही आमच्याबरोबर चला."

त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लगेच बंदही झालं.

"छ्या छ्या! मी कशाला? तुमी दोघं नवरा-बायकू. मी मधी कशाला?"

"शालनची इच्छा आहे."

"आसंल. तिला काय कळतंय? जावयाच्या जिवावर सासरा हिंडतोय म्हणतील लोकं. उद्या येतो, सही करून देतो. जावा तुमी."

"माझी इच्छा आहे, मामा."

"तुमी म्हणालासा, तितंच पावलं. न्हाई म्हंजे न्हाई."

मी तीन वेळा म्हटलं, तिन्ही वेळा नाही. चहा संपला. मी उठलो, चपला घातल्या आणि स्कूटरपर्यंत गेलो. पिशवी हँडलला अडकवताना वहीचा पुठ्ठा हाताला लागला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिथंच, स्कूटरच्या सीटवर वही ठेवून पेन काढलं. आठ महिने कोऱ्या असलेल्या पहिल्या रकान्यात जमेल तेवढ्या सरकारी भाषेत लिहिलं:

'गाडीत आवाज येतो. उभ्या गाडीत ऐकू येत नाही. फक्त लांब पल्ल्याला येतो. मेकॅनिकने चालत्या गाडीत बसून तपासावा.'

खाली सही केली: चालक, मगदूम.

वही नेऊन मामांच्या पुढ्यात धरली. त्यांनी चष्मा शोधला, लावला, वही हातभर लांब धरून वाचली. मग पुन्हा वाचली. ओठ हलत होते.

"लेखी दिलीया," ते म्हणाले.

"हो."

"किती किलोमीटरनंतर येतो म्हणालासा आवाज?"

"साधारण तेराशे."

"म्हंजे एकदम टोकालाच."

"टोकालाच."

 चष्म्याची काच धुरकट झाली होती, ती मामांनी धोतराच्या सोग्यानं पुसली.

"मग जावंच लागंल की," ते म्हणाले. "लेखी हाय म्हटल्यावर न्हाई कसं म्हणणार?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मामांनी डावा पाय बुटक्या पायरीवर टाकला, दांडा धरला आणि आत शिरून टोपी हुकाला अडकवली. गळ्यातली किल्ली काढून पेटी उघडली. आत दोन धोतरं, सदरे, मफलर, तंबाखूचे सहा पुडे आणि सासूबाईंचा एक छोटा फोटो होता. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी झाकण लावून टाकलं.

"स्पेअर पार्ट," ते म्हणाले.

"लागतातच," मी म्हणालो.

चार दिवस लागले. वाटेत गाडीनं हूं की चूं केलं नाही. मामा खिडकीशी बसून पुढून येणाऱ्या बसच्या पाट्या वाचत होते, आणि अक्षरं परकी लागायला लागल्यावर नुसता बसचा आवाज ऐकून "हिचा क्लच जाणार" असं सांगत होते. कन्याकुमारीला पोचलो. मामा उतरले, उतरताना दुखरा पाय आधी. सासूबाईंचा फोटो सदऱ्याच्या खिशात घालून ते पाण्याच्या अगदी कडेला गेले आणि बराच वेळ उभे राहिले. शालन त्यांच्याजवळ जायला निघाली, मी तिला थांबवलं.

परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. त्यांनी वही मागितली. खालच्या पायरीवर बसून, माझ्या तक्रारीसमोरच्या रकान्यात सावकाश लिहिलं, सही ठोकली आणि वही माझ्या हातात दिली. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय:

'गाडी कन्याकुमारीपर्यंत चालवून पाहिली. आवाज बंद झाला. दक्षिणेकडील मार्गासाठी गाडी योग्य. उत्तरेकडील मार्गावर तपासणी बाकी.'

मी वाचून वर बघितलं. मामा पन्हाळीतली वाळू बोटानं साफ करत होते.

"मे म्हयन्यात सुट्टी असती न्हवं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मी पेन काढलं आणि पुढच्या पानावरच्या पहिल्या रकान्यात तक्रार लिहायला घेतली.